स्टेजवर पोरांचा चष्मा राहू दे, आणि रंग बघून लाईन लावणं बंद करा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गॅदरिंगचा सीझन सुरू झालाय, आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळपासून टिळकवाडीपर्यंत सगळ्या शाळांत दुपारनंतर स्पीकरवर गाणी वाजायला लागलीत आणि आमच्यासारख्या शिलाईवाल्यांच्या मशीन रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते, जानेवारी संपल्यावर लिहून काय उपयोग? सांगायचं एवढंच की डान्समध्ये पोरांना उभं करताना रंग बघून, जाडी बघून, दात बघून पुढची लाईन आणि मागची लाईन करू नका, आणि ज्यांना चष्मा आहे त्यांचा चष्मा स्टेजवर चढताना काढून घेऊ नका. आणि डान्स बसवायच्या आधी शाळेत एकदा सगळ्यांना बसवून, पोरांना, बाईंना, जमलं तर आईवडलांनापण, २०१९ साली आलेला ‘अग्लीडॉल्स’ नावाचा कार्टून पिक्चर दाखवा.

हा पिक्चर माझ्या बहिणीच्या मुलीने दुकानात कापडाच्या ढिगावर बसून मोबाईलवर लावला होता आणि मी फॉल लावता लावता बघत होते. इंग्लिशमध्ये होता पण कळायला काय अडचण आली नाही, कारण सगळं बाहुल्यांचंच आहे आणि बाहुल्या, कापड, टाके हे तर आपलं रोजचं काम. कारखान्यात ज्या कापडी बाहुल्या बिघडतात, कुणाचा डोळा एकच, कुणाचे दात बाहेर, कुणी नुसतीच ढब्बी, त्या बाजूला टाकल्या जातात आणि पाईपमधनं घसरत एका गावात येऊन पडतात, त्या गावाचं नाव अग्लीव्हिल. तिथं त्या मजेत असतात खरं, पण मोक्सी नावाची एक गुलाबी बाहुली असते तिला रोज सकाळी वाटतं की आज आपल्याला कुठल्यातरी लहान पोराच्या हातात जायला मिळणार. गावचा महापौर ऑक्स, त्याला खरं काय ते माहीत असतं, पण ह्यांचं मन मोडू नये म्हणून तो सांगत नाही. मग मोक्सी चार दोस्तांना घेऊन त्याच पाईपमधनं उलटी वर चढते आणि परफेक्शन नावाच्या गावात पोचते, तिथं सगळ्या बाहुल्या देखण्या, मापात, केस ठाकठीक, आणि लू नावाचा देखणा बाहुला त्यांना ट्रेनिंग देत असतो की पोराच्या हातात जायचं असेल तर कसं दिसायचं नि कसं वागायचं.

ह्या परफेक्शनमध्ये मँडी नावाची एक बाहुली आहे. दिसायला अगदी ठाकठीक, कुठं नाव ठेवायला जागा नाही. पण तिला नीट दिसत नाही ओ, तिला चष्मा लागतो आणि ती तो लपवून ठेवते, कारण चष्मा दिसला तर आपण परफेक्ट नाही हे कळणार. ते बघताना माझी सुई थांबली, कारण मँडी दरवर्षी माझ्या दुकानात येते. एक नाही, बऱ्याच येतात.

मागच्या सीझनला एक चौथी-पाचवीतली पोरगी आईबरोबर ट्रायलला आली. नऊवारीसारखा शिवलेला तयार ड्रेस, मागनं इलॅस्टिक, काठाला सोनेरी लेस. घालून आरशासमोर उभी केली तर पोरगी आरशाच्या अगदी जवळ गेली, नाक काचेला लागेल इतकी. मी म्हटलं, “बाळ, मागं हो, लांबनं बघ, काठ सरळ आलाय का कळेल की.” तर ती म्हणाली, “काकू, मागनं मला दिसत नाही.” तिचा चष्मा आईच्या पर्समध्ये. आई म्हणाली, टीचरनी सांगितलंय की ट्रायलपास्नंच चष्म्याशिवाय सवय करा, स्टेजवर लाईट पडली की काच चमकते आणि व्हिडिओ खराब येतो. आता स्टेजवर खडूने खुणा केलेल्या असतात, कुणी कुठं उभं राहायचं त्याच्या, त्या खुणा ह्या पोरीला दिसणार कशा? ती शेजारणीच्या पदराकडे बघून अंदाजाने पाय टाकणार, आणि चुकली की लोक म्हणणार हिला डान्स येत नाही. मी आईला म्हटलं, काढलेला चष्मा परत घाला, मला मापच नीट घेता येत नाही, पोरगी वाकून उभी राहते. चष्मा घातला तशी ती दोन पावलं मागं गेली, सगळा ड्रेस वरनं खालपर्यंत बघितला आणि एक गिरकी घेऊन मला म्हणाली, डाव्या बाजूची लेस जरा वर गेलीय. आणि खरंच गेली होती.

डोळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट इथंच सांगते, आपल्याकडं अजून बायका म्हणतात की लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतो. तसं काय नसतं. चष्म्याने नंबर वाढत नाही, पोराची वाढ होते तसा डोळा वाढतो आणि नंबर बदलतो, चष्मा घातला तरी आणि नाही घातला तरी. उलट दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल आणि पोराला चष्माच दिला नाही, तर मेंदू अंधुक दिसणाऱ्या डोळ्याकडं दुर्लक्ष करायला लागतो आणि तो डोळा आळशी होतो, डॉक्टर त्याला लेझी आयच म्हणतात, आणि त्याचा इलाज जितका लहान वयात होईल तितका बरा, सात-आठ वर्षांनंतर अवघड होत जातं. एका संध्याकाळच्या डान्सने डोळा आळशी होणार नाही हे मलाही कळतं. पण त्या संध्याकाळी पोरीच्या डोक्यात जे बसतं ना, की चार लोकांसमोर जायचं तर चष्मा काढायचा, ते मग वर्गात सुरू होतं, चष्मा दप्तरात आणि फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतनं उतरवायचं.

आता लाईनचं सांगते. ऑर्डर येते तेव्हा शाळेतनं मापाची यादी येते. काही शाळा उंचीप्रमाणे यादी करतात, त्याला कोण नाही म्हणणार, उंच पोरं मागं उभी केलीच पाहिजेत नाहीतर बुटक्यांचं कुणाला दिसणारच नाही. पण काही याद्यांवर सरळ लिहिलेलं असतं, पुढची लाईन गोटा लावून, मागची लाईन साधी. कापड तेच, रंग तोच, फक्त मागच्यांना लेस कमी, कारण मागचं कोण बघतंय, खर्च वाचतो. आणि पोरं मापाला आली की दिसतं, मागच्या लाईनीत उंच पोरं नसतातच. सावळी पोरं असतात, जाड पोरं असतात, एक दात पुढं आलेला असतो, ओठाचं ऑपरेशन झालेलं एखादं असतं. ह्यात मराठी शाळा कानडी शाळा इंग्लिश मीडियम असा काय फरक नाही बरं का, बाकी कशावरनंही आपल्या गावात वाद होतील पण ह्या बाबतीत सगळे एक आहेत. मराठी आई म्हणते, “आमची जरा सावळी आहे, फिका रंग घाला म्हणजे उठून दिसेल,” आणि कानडी आई म्हणते, “स्वल्प कप्प अदाळ री,” म्हणजे जरा काळी आहे हो, आणि दोघी हे पोरीच्या डोक्यावरनं बोलतात, पोरगी मध्ये हात पसरून उभी असते, मी टेप धरून छातीचं माप घेत असते, आणि ती हे ऐकते ते मला तिच्या खांद्यावरनं कळतं, खांदे असे आत ओढले जातात, माप अर्ध्या इंचाने कमी येतं.

ह्याला कुणी म्हणेल, काय ताई, एवढंसं काय मनावर घ्यायचं, पोरं विसरतात. नाही विसरत. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क ह्या नवरा-बायकोने, दोघे मानसशास्त्राचे, बाहुल्या घेऊनच हे बघितलं होतं. बाहुल्या सगळ्या एकसारख्या, फक्त काहींचा रंग गोरा आणि काहींचा काळसर. तीन ते सात वर्षांच्या काळ्या पोरांना विचारलं, ह्यातली चांगली बाहुली कुठली, वाईट दिसणारी कुठली. बहुतेक पोरांनी चांगली म्हणून गोरी उचलली. आणि शेवटी विचारलं की तुझ्यासारखी कुठली, तेव्हा काही पोरं रडायला लागली, काही खोलीतनं पळून गेली. तीन वर्षांचं पोर हे! त्याला कुणी बसवून शिकवलं नव्हतं, घरादारात, रस्त्यावर जे दिसतं त्यातनं त्यानं उचललं. १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. आणि आपण २०२० साली बघितलंच की, गोरं करायच्या क्रीमच्या नावातला फेअर काढून त्या जागी ग्लो आलं, पण आमच्या गल्लीतल्या बोलण्यातनं काय ते गेलं नाही.

पिक्चरकडं परत येते, कारण त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त पटली, आणि ती मोक्सीची नाही, लूची आहे. लू हा त्या गावचा हिरो, सगळ्या बाहुल्या त्याच्यासारखं व्हायला धडपडतात, तो ह्या बिघडलेल्या बाहुल्यांना नाही नाही ते बोलतो. आणि शेवटी कळतं की लू हा नमुना आहे. त्याच्यावरनं बाकीच्या बनवल्या, पण तो स्वतः कधीच कुठल्या पोराच्या हातात जाणार नाही. आमच्याकडं सॅम्पल पीस असतो तसा, सगळ्यात चांगल्या कापडाचा, सगळ्यात बारीक टाक्याचा, दुकानात पुढं टांगलेला, त्याला बघून लोक ऑर्डरी देतात आणि तो मात्र कधी कुणाच्या अंगावर चढत नाही. लूचा सगळा विखार तिथनं आलेला. म्हणून मी म्हणते, हे फक्त मागच्या लाईनीतल्या पोरांसाठी नाही. पुढच्या लाईनीतल्या पोरी मी बघते ना, सातवी-आठवीच्या, ट्रायलला आल्यावर पोट आत ओढून उभ्या राहतात, एक तर म्हणाली काकू ब्लाऊज अजून घट्ट करा, मी संध्याकाळचं जेवत नाही आता. पुढं उभं केलंय म्हणून आपण नेहमीच पुढं उभं राहण्यासारखं दिसलं पाहिजे ह्याचं ओझं बारा वर्षांच्या पोरीवर. ते ओझं कुणी घातलं? आपणच की.

ह्या बाहुल्या मुळात कुठनं आल्या ते वाचलं तेव्हा तर मला फार बरं वाटलं. डेव्हिड होर्वाथ आणि सन-मिन किम ही जोडी, दोघं न्यूयॉर्कला शिकत होती, मग सन-मिनला कोरियाला परत जावं लागलं आणि दोघांची पत्रं सुरू झाली. डेव्हिड पत्राच्या शेवटी एक लहान चित्र काढायचा, एप्रन घातलेला केशरी प्राणी, त्याचं नाव वेज. सन-मिनने त्या चित्रावरनं २००१ साली हाताने एक कापडी बाहुली शिवली आणि त्याला भेट म्हणून पाठवली. त्याने ती लॉस एंजेलिसमधल्या एका ओळखीच्या दुकानदाराला दाखवली, त्या दुकानदाराला वाटलं विकायलाच आणलीय, आणि त्याने आणखी मागितल्या. मग तिने आणखी शिवल्या, एकेक, हाताने. हे सगळं मोठं प्रकरण तिथनं सुरू झालं, कंपनी झाली, पिक्चर झाला. पत्रातलं चित्र आणि हाताने घातलेले टाके, त्यात डोळे वरखाली येणारच. शिवणारणीला हे वेगळं सांगायला नको, हाताने शिवलेल्या दोन बाहुल्या कधी एकसारख्या होत नाहीत.

आपल्याकडं तरी काय वेगळं होतं. आमच्या आज्जीच्या वेळची ठकी म्हणजे लाकडाचा ठोकळाच, नाक-डोळे नावापुरते, तिच्यावर पोरी जीव टाकायच्या, तिचं लग्न लावायच्या. चिंध्यांची बाहुली घरोघरी व्हायची, वडगावच्या मागावरचं उरलेलं कापड, आत भुसा नाहीतर जुना कापूस. गोकाकची लाकडी खेळणी अजून यात्रेत दिसतात, हाताने रंगवलेली, एकाची मिशी जाड तर एकाची बारीक. त्या बाहुल्यांकडं बघून कुठल्या पोरीला वाटलं नसेल की आपण हिच्यासारखं दिसत नाही म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे.

पिक्चर एकदम भारी आहे असं माझं म्हणणं नाही हं. गाणी जरा जास्तच आहेत, गोष्ट पुढं काय होणार ते मोठ्यांना आधीच कळतं, थेटरात पण तो फारसा चालला नाही, त्यावर झालेला खर्चसुद्धा तिकिटातनं वसूल झाला नाही. आणि माझी एक तक्रार आहे, ज्या बाहुल्यांना कुरूप म्हटलंय त्या दिसायला इतक्या गोड आहेत की कुणीही कडेवर घेईल, खऱ्या पोरांचं तसं नसतं, खरी टिंगल फार टोचणारी असते. पण लहान पोराला ही गोष्ट सांगायची तर सोपीच सांगितली पाहिजे, आणि चष्मा लपवणारी मँडी आणि मनातनं पोळलेला लू हे दोघे ज्याने त्या गोष्टीत घातले त्याला पोरांचं मन कळतं असं मी म्हणेन. आणि मोक्सीला शेवटी तिचं पोर मिळतं, तेही दात आत न घालवता, रंग न बदलता.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. स्टेज लहान, पोरं साठ-सत्तर, हेडमास्तरांना पाहुणे खूश पाहिजेत, सरकारच्या प्रतिभा कारंजी स्पर्धेत नंबर पाहिजे, आणि प्रत्येक आईला आपलंच पोर मध्यभागी पाहिजे. त्या बाईंना रात्री झोप लागत नसेल, मी मापं घ्यायला शाळेत जाते तेव्हा बघते, घसा बसलेला असतो. म्हणून नुसती नावं ठेवत नाही, जमण्यासारखं सांगते. लाईन उंचीप्रमाणे लावा आणि गाण्याचं एक कडवं झालं की मागची लाईन पुढं आणि पुढची मागं, मधल्या फटींतनं चालत यायला किती वेळ लागतो? किंवा गोलातले नाच घ्या. आपल्या झिम्मा-फुगडीत मागची लाईन कुठं असते? कोलाटातही नसते, काठ्या घेऊन सगळे फिरत असतात, प्रत्येक पोर फिरत फिरत एकदा तरी पुढं येतंच. आणि यादी पाठवताना सगळ्यांना एकच लेस लिहा. खडे बाजारात घाऊक घेतली तर मीटरमागं फार फरक पडत नाही, मी स्वतः जाऊन आणून देईन, आणि मागच्या पोराला साधं शिवा असं लिहिलेली यादी ह्या वर्षी मी घेणार नाही, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

पालकांनापण एक सांगणं आहे. ट्रायलला आणलंत की पोरांच्या रंगाबद्दल, पोटाबद्दल माझ्याशी बोलू नका. माप मला टेप सांगते. कुठला रंग शोभेल ते पोरीलाच विचारा, तिला कळतं, आणि तिने भडक रंग मागितला तर भडक द्या.

पिक्चर साधारण दीड तासाचा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर आलेत, नसेल तिथं एखाद्या पालकाचा टीव्ही आणता येतो. इंग्लिशमध्ये लागला तर एखाद्या बाईंनी मध्ये मध्ये थांबवून मराठीत, कानडीत सांगावं, पोरांना तेवढं पुरतं, आणि थांबवायचाच असेल तर मँडीचा चष्मा येतो तिथं थांबवा आणि वर्गाला विचारा, कुणाकुणाचा चष्मा आत्ता दप्तरात आहे. किती हात वर येतात ते बघा.

काच चमकते म्हणून व्हिडिओ खराब येतो असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी लाईटवाल्याला दिवा जरा वर आणि बाजूला घ्यायला सांगावं, समोरनं मारू नये, एवढ्याने काम होतं, लग्नाचे फोटोवाले रोज करतात. आणि नाचताना चष्मा पडेल अशी भीती असेल तर ती खरी आहे, पण त्याला उपाय माझ्याकडं आहे, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना अडकवायची मागनं इलॅस्टिकची पट्टी, ड्रेसच्याच कापडात, केसांत दिसतसुद्धा नाही. ज्या शाळेची ऑर्डर माझ्याकडं असेल त्या शाळेतल्या चष्मेवाल्या सगळ्या पोरांना ती मी फुकट शिवून देईन, आणि दुसऱ्या शिलाईवाल्याकडं ऑर्डर असेल त्यांनी कापडाचा तुकडा आणून दिला तरी चालेल. फक्त मापाच्या यादीत नावापुढं “चष्मा” असं लिहून पाठवा आणि डोक्याचं माप घ्यायला पोराला चष्मा घालूनच आणा.

आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव